सकाळी सेल्फ मारल्यावर इंजिन टिकटिकतं? आधी ऐका, मग पाना उचला

डिसेंबरात नाशिकला सकाळी साडेसहाला पार्किंगमध्ये गाडी सुरू केली की आवाज भिंतीवर आपटून दुप्पट ऐकू येतो. तीन-चार वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी सेल्फ मारला आणि बॉनेटखालून शिलाई मशीन चालू झाल्यासारखी टिक-टिक-टिक सुरू झाली. आठ-नऊ सेकंद चालली आणि एकदम थांबली. दिवसभर गाडी गुपचूप. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच.

सर्व्हिसिंग होऊन आठवडाच झाला होता. जिथे केलं होतं तिथेच दाखवली, तर गरम इंजिन दोनदा रेस करून सांगितलं, "टॅपेट गेलेत, हेड खोलावं लागेल." मन तयार होईना. आवाज सकाळचा आणि तपासणी दुपारची, हे काही पटलं नाही. मी थोडे दिवस थांबलो, रोज सकाळी सेकंद मोजले, आणि दोष शेवटी ऑईल फिल्टरमध्ये निघाला. काही शे रुपयांचं काम.

तेव्हापासून आवाजाची तक्रार घेऊन कुणी आलं की मी एवढंच विचारतो: आवाज कधी सुरू होतो, किती वेळ राहतो, कधी थांबतो? अर्धं निदान याच तीन उत्तरांत असतं आणि त्याला एक रुपयाही लागत नाही. ज्यांनी आजवर बॉनेट फक्त वायपरचं पाणी भरायला उघडलंय, त्यांनाही हे जमेल अशा क्रमाने पुढे लिहितो आहे.

आवाज येतो कुठून

इंजिनाच्या डोक्यावर, म्हणजे हेडमध्ये, हवा आत घेणारे आणि जळलेला वायू बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह असतात. कॅमशाफ्टवरचे उंचवटे त्यांना दाबून उघडतात, स्प्रिंग त्यांना पुन्हा मिटवते. कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये दाब पोचवणारा जो भाग असतो, त्याला गॅरेजमध्ये सरसकट टॅपेट म्हणतात. लोखंड तापलं की वाढतं, म्हणून तिथे थोडी फट सोडावी लागते. फट वाजवीपेक्षा जास्त झाली की प्रत्येक वेळी धातू धातूवर आपटतो. तीच टिकटिक.

ही फट सांभाळायच्या दोन पद्धती आहेत, आणि तुमच्या गाडीत कोणती आहे हे आधी कळायलाच हवं. जुन्या पद्धतीत फट हाताने लावतात: स्क्रू फिरवून, किंवा वेगळ्या जाडीची चकती किंवा टॅपेट बसवून. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० मध्ये स्क्रू होते. होंडाच्या सिटीच्या आय-व्हीटेक इंजिनातही स्क्रूच आहेत. दुसरी पद्धत हायड्रॉलिक. त्यात टॅपेट म्हणजे बोटाच्या पेराएवढी, ऑईलने भरलेली डबी. ऑईलचा दाब आला की आतला दट्ट्या पुढे सरकतो आणि फट आपोआप भरून काढतो. फियाटचं १.३ लिटर मल्टिजेट डिझेल इंजिन या पद्धतीचं. पुण्याजवळच्या रांजणगावात ते वर्षानुवर्षं बनत होतं आणि फियाटबरोबर टाटाच्याही गाड्यांत बसत होतं. मारुतीच्या स्विफ्ट-डिझायरमध्येही हेच डिझेल इंजिन होतं. तुमच्या गाडीच्या सर्व्हिस वेळापत्रकात "व्हॉल्व्ह क्लिअरन्स तपासणे" अशी ओळ असेल तर बहुधा फट हाताने लावायची पद्धत आहे. नसेल तर गाडीचं मॉडेल आणि इंजिनाचा कोड सांगून विचारून घ्या.

हे आधी सांगण्याचं कारण असं की मारुती ८०० च्या काळातली माणसं आजही आवाज ऐकला की "टॅपेट टाईट करून घे" असा सल्ला देतात. त्यांच्या गाडीसाठी तो बरोबरच होता. हायड्रॉलिक टॅपेटमध्ये मात्र टाईट करायला काही नसतंच. तिथे प्रश्न जवळजवळ नेहमी ऑईलचा असतो.

रात्रभर गाडी उभी राहिली की ऑईल वरून ओघळून खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑईलच्या भांड्यात, जमतं. जे व्हॉल्व्ह उघड्या स्थितीत थांबले असतील, त्यांच्या स्प्रिंगच्या दाबाने त्यांच्या टॅपेटमधलं ऑईलही हळूहळू बाहेर पडतं. सकाळी पंप ऑईल वर पोचवेपर्यंत दोन-तीन सेकंद टिकटिक झाली तर बऱ्याच गाड्यांत ते नेहमीचंच. आवाज वाढत चालला, लांबत चालला किंवा थांबेनासा झाला, तर मात्र पुढच्या पायऱ्या.

पायरी १: सेल्फ मारण्याआधी काडी बघा

सकाळी, गाडी सपाट जागी रात्रभर उभी असताना, ऑईलची काडी काढा, फडक्याने पुसा, पूर्ण आत घाला आणि पुन्हा काढून बघा. पातळी दोन खुणांच्या मध्ये, शक्यतो वरच्या खुणेजवळ हवी. कमी असेल तर त्याच ग्रेडचं ऑईल पाव-पाव लिटर घाला. दोन खुणांमधलं अंतर लहान गाड्यांत साधारण एक लिटरचं असतं, त्यामुळे अंदाजाने अख्खा डबा ओतू नका. पातळी वर गेली की फिरता क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो खालचा दांडा, ऑईल घुसळतो, फेस होतो, फेसातली हवा टॅपेटमध्ये जाते आणि टिकटिक पुन्हा हजर. कमी ऑईलने आवाज येतो हे सगळ्यांना माहीत असतं, जास्तीनेही येतो हे मला उशिरा कळलं.

काडीवरचं ऑईल बोटावर घेऊन बघा. काळं असणं चालतं. दह्यासारखं पांढुरकं असेल तर पाणी किंवा कूलंट मिसळतंय. पेट्रोलचा उग्र वास आणि पाण्यासारखं पातळपण असेल तर इंधन मिसळतंय. या दोन्हींत आधी ते कारण शोधा, आवाजाचं नंतर. चिमटीत घासल्यावर चकाकणारे धातूचे कण दिसले तर गाडी सुरूच करू नका.

पायरी २: आवाज नीट ऐका आणि मोजा

आदल्या रात्री गाडी बंद करून सोडा. सकाळी बॉनेट आधीच उघडा, घरातल्या कुणाला तरी सेल्फ मारायला बसवा, आणि तुम्ही फोनवर रेकॉर्डिंग चालू करून बाजूला उभे राहा. ॲक्सिलरेटरला पाय लावायचा नाही, हे बसणाऱ्याला दोनदा सांगा. थंड इंजिनाला ऑईल पोचण्याआधी रेस करणं म्हणजे कोरड्या बेअरिंगवर घासणं.

गाडीत बसलेल्याने लाल रंगाचा ऑईलचा दिवा बघायचा. चावी फिरवल्यावर तो लागायला हवा आणि इंजिन सुरू झाल्यावर एक-दोन सेकंदांत विझायला हवा. पाचेक सेकंदांनंतरही तो लागलेला राहिला, तर इंजिन लगेच बंद करा आणि या लेखातली पायरी ७ होईपर्यंत सुरू करू नका.

आता आवाजाची ओळख.

दोन-तीन सेकंद खर्रर्र असा साखळी ओढल्यासारखा आवाज आला आणि गेला, तर टायमिंग चेनचा, म्हणजे क्रँकवरून कॅमशाफ्ट फिरवणाऱ्या साखळीचा, टेन्शनर (ती ताणून धरणारा भाग) किंवा व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ मागेपुढे करणारा फेजर संशयित. बऱ्याच इंजिनांत हे दोन्हीही ऑईलच्या दाबावरच चालतात, म्हणून वेळ टॅपेटसारखीच, आवाज मात्र भरड. काही सेकंदांची हलकी, स्पष्ट टिकटिक असेल तर हायड्रॉलिक टॅपेट. थंडीत पाच-दहा मिनिटं टिकून इंजिन तापल्यावर विरणारी, आणि ॲक्सिलरेटर दिला की जोर धरणारी टिकटिक बहुतेक वेळा एक्झॉस्टची गळती असते: थंड असताना गॅसकेटपाशी, म्हणजे जोडामधल्या सीलपाशी, फट राहते, धातू तापून फुगला की ती मिटते. थंडीत मिनिटभर किंवा जास्त येणारा ठबठब असा दबका आवाज पिस्टनच्या ढिलाईचा, जुन्या इंजिनात दिसणारा. इंजिन गरम झाल्यावरही न थांबणारी, रेस केल्यावर वाढणारी, खोलवरून येणारी ठक-ठक असेल तर कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगचा संशय घ्या. अशी गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, उचलून न्या.

टिकटिक वरची की खालची हे मोजूनही कळतं. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. इंजिन ८०० आरपीएमवर (मिनिटाला ८०० फेरे) चालत असेल, तर एका टॅपेटची टिकटिक सेकंदाला सहा-सात वेळा येणार, आणि क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला येणारी ठकठक तेरा वेळा. कानाने एवढं मोजता येत नाही, पण फोनमधलं रेकॉर्डिंग पाव वेगाने लावलं की टॅपेटच्या टिका दहा सेकंदांत सतराच्या आसपास येतात. सहज मोजता येतात. सकाळी थंड इंजिन बाराशेच्या आसपास फिरतं, तेव्हा हाच आकडा पंचवीस होईल, म्हणून रेकॉर्डिंगमध्ये आरपीएमचा काटा दिसू द्या. आकडा याच्या दुप्पट निघाला तर लक्ष इंजिनाच्या खालच्या भागाकडे वळवा.

रेकॉर्डिंग जपून ठेवा. गाडी गॅरेजला पोचेपर्यंत गरम होते आणि आवाज गेलेला असतो. मेकॅनिकला दाखवायला तोच पुरावा.

पायरी ३: जागा शोधा

लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या अंगावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची. पूर्वीपासून मिस्त्री असंच ऐकत आले आहेत. मेकॅनिकचा स्टेथोस्कोप मिळाला तर उत्तम. टॅपेट कव्हरवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत थांबत-थांबत ऐका, मग चेन कव्हरवर, मग खाली चेंबरवर. आवाज जिथे टोकदार होतो तिथे तो आहे.

हे करताना शर्टाच्या बाह्या वर, ओढणी-मफलर दूर, हातातलं कडं-घड्याळ काढलेलं. फिरत्या पट्ट्याजवळ ड्रायव्हर न्यायचा नाही. रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो. बंद शटरच्या गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून ऐकत बसू नका, एक्झॉस्टमधला कार्बन मोनॉक्साईड वास न देता जीव घेतो.

पायरी ४: टॅपेट सोडून इतर टिकटिक बाजूला काढा

इंजेक्टर टिकटिकतातच. डिझेलमध्ये आणि थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांत तर चांगल्या जोराने, आणि सकाळी-दुपारी सारख्याच. इंजेक्टरवर ड्रायव्हर टेकवला की प्रत्येकाचा एकसारखा आवाज येतो. दोष समजू नका. पेट्रोलच्या वाफा ओढणारा पर्ज व्हॉल्व्हही टिकटिकतो, पण तो बहुधा इंजिन तापल्यावर. त्याच्यावर बोट ठेवलं की ठोका बोटाला जाणवतो.

स्पार्क प्लग ढिला असेल तर त्याच्या खाचेतून फुस-टिक असा आवाज येतो आणि खाच काळी पडते. असा प्लग थंड इंजिनात, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या टॉर्कला, म्हणजे तेवढ्याच जोराने, आवळा. पट्ट्यावर चालणाऱ्या भागांवर, म्हणजे अल्टरनेटर, वॉटर पंप, पुली यांच्यावर शंका असेल तर पट्टा काढून थंड इंजिन दहा-पंधरा सेकंदच चालवून बघतात. मात्र तुमच्या गाडीत टायमिंगचा पट्टा बाहेरच्या पट्ट्यापासून वेगळा आहे याची खात्री नसेल, तर हे स्वतः करू नका.

एक्झॉस्टची गळती शोधायला थंड इंजिनच बरं. हेडला मॅनिफोल्ड, म्हणजे एक्झॉस्टचा पहिला फाटेदार पाईप, जोडतो तिथे गॅसकेटजवळ काळ्या काजळीचा पिसाऱ्यासारखा डाग दिसतो का, टॉर्च लावून बघा. नसेल तर साबणाचं पाणी फवारून लगेच गाडी सुरू करा, गळती असेल तिथे बुडबुडे उठतात. मॅनिफोल्ड मिनिटभरातच पोळण्याइतका तापतो, हात आटपता घ्या. गळती सापडली तर ती "नुसता आवाज आहे" म्हणून सोडू नका. तो धूर केबिनमध्ये येऊ शकतो. स्टड तुटलेला असेल तर तो काढणं नवख्याचं काम नाही. गॅसकेट बदलणं हाताला सवय असेल तर जमतं.

पायरी ५: ऑईल आणि फिल्टर बदला

माझ्या गाडीचा उलगडा इथे झाला, म्हणून इथे जरा थांबतो.

फिल्टरच्या आत, तोंडाजवळच्या छोट्या भोकांच्या गोलाला चिकटून एक रबरी पडदी असते. इंजिन बंद झाल्यावर ऑईल मागे ओघळून जाऊ नये म्हणून ती भोकं झाकते. फिल्टर आडवा किंवा तोंड खाली करून बसवलेला असेल, तर या पडदीवरच सगळं अवलंबून. ती कडक झाली किंवा मुळातच निकृष्ट असली की रात्रीत फिल्टर रिकामा होतो, आणि सकाळी पंपाला आधी तो भरावा लागतो, मग ऑईल वर जातं. तेवढा वेळ टॅपेट कोरडे.

तपासायची रीत सोपी: रात्रभर उभ्या गाडीचा फिल्टर सकाळी, सेल्फ न मारता, खोलायचा. खाली तसराळं ठेवा. माझा आडवा बसलेला फिल्टर सुटला तेव्हा जेमतेम चमचाभर ऑईल पडलं. भरलेला असता तर हातभर ओघळ आला असता. नंतर तो करवतीने कापून पाहिला. पडदी बोटाने वाकवली तर दुमडली नाही, तळलेल्या पापडासारखी कट्कन तुटली. शेजारी नवा, गाडीच्या कंपनीने सांगितलेला फिल्टर ठेवला होता. त्याची पडदी बोटाने दाबली की आत जायची आणि सोडली की फट न ठेवता परत बसायची. दुकानात फिल्टर घेताना तुम्हीही स्वच्छ बोटाने हे करून बघा. तुमच्या गाडीत फिल्टर तोंड वर करून सरळ उभा बसत असेल, तर तो पडदीशिवायही भरलेलाच राहतो, मग हे कारण मागे ठेवा.

ऑईलच्या ग्रेडचं तसंच. डब्यावर ५डब्ल्यू-३० लिहिलेलं असतं, त्यातला डब्ल्यू हिवाळ्याचा: पहिला आकडा जितका लहान तितकं ऑईल थंडीत पटकन वाहतं. दुसरा आकडा इंजिन तापल्यावरच्या घट्टपणाचा. पुस्तकात ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० लिहिलेल्या गाडीत २०डब्ल्यू-५० ओतून "आता आवाज दबेल" असं सांगणारे भेटतात. दुपारी दबेलही. सकाळी ते घट्ट ऑईल वर पोचायला जास्त वेळ घेईल, आणि आपली तक्रार नेमकी सकाळचीच आहे. जुन्या गाडीच्या पुस्तकात २०डब्ल्यू-४० असेल तर तेच घाला. पुस्तक सांगेल ते.

बदलायची कृती अशी. फिल्टर तपासायला आधीच खोललेला नसेल, तर गाडी दहा मिनिटं फिरवून आणा, म्हणजे ऑईल पातळ होऊन गाळासकट निघतं. सपाट जागी हँडब्रेक, मागच्या चाकांना दगड, जॅकने उचलून घोडीवर (जॅक स्टँडवर) टेकवा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जायचं नाही. ऑईलची टोपी उघडा, चेंबरचा बोल्ट सोडा, ओघळ थेंबावर येईपर्यंत थांबा. बोल्टला नवा वायसर घाला, हाताने आटे धरून मगच पान्याने, बेताने आवळा. ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जोर लावला की जातात, आणि मग खर्च मोठा होतो.

जुना फिल्टर काढल्यावर त्याची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली नाही ना, हे नक्की बघा. दोन रिंगा एकावर एक बसल्या तर चालू गाडीत ऑईल फवारून बाहेर येतं. नव्या फिल्टरच्या रिंगेला ताज्या ऑईलचं बोट फिरवा, टेकेपर्यंत हाताने फिरवा आणि पुढे फिल्टरवर छापलेलं असेल तेवढंच, बहुधा पाऊण फेरा. पान्याची गरज नाही. लहान गाड्यांत तीन ते चार लिटर ऑईल लागतं, सुरुवातीला अर्धा लिटर कमीच घाला. गाडी उतरवा, सुरू करा, रेस न करता लाल दिवा विझू द्या, मिनिटभराने बंद करून खाली गळती बघा, पाच-दहा मिनिटांनी काडी बघून बाकीचं ऑईल घाला.

जुनं ऑईल नालीत, झाडाला किंवा जमिनीवर ओतू नका. कॅनमध्ये भरून, वापरलेलं ऑईल रीतसर घेणाऱ्या गॅरेजला द्या.

पायरी ६: अडकलेल्या टॅपेटला संधी द्या

ऑईल बदलल्यावर एखादा हायड्रॉलिक टॅपेट टिकटिकतच राहिला तर त्यात हवा किंवा गाळ असू शकतो. इंजिन पूर्ण गरम करून, उभ्या गाडीत, दोन ते अडीच हजार आरपीएमवर काही मिनिटं धरा, मग आयडलला, म्हणजे पाय काढल्यावरच्या मंद वेगाला, आणा. दोन-तीनदा करा. हवा असेल तर निघून जाते.

टॅपेट कव्हरवरची टोपी काढून आत टॉर्च मारा. काळा, शेणासारखा गाळ दिसला तर "इंजिन फ्लश" ची बाटली ओतण्याचा मोह होतो. मी जुन्या इंजिनात ते टाळतो. एकदम सुटलेले गाळाचे तुकडे चेंबरमधल्या पंपाच्या जाळीत जाऊन बसले की ऑईलच बंद. त्यापेक्षा चांगल्या ऑईलवर दोन-तीन हजार किलोमीटर चालवायचं, ऑईल-फिल्टर बदलायचा, आणि पुन्हा एकदा तेच. वेळ लागतो, पण गाळ हळूहळू विरघळून निघतो.

पायरी ७: हेड खोलण्याआधी दाब मोजून घ्या

इथपर्यंत सगळं करून आवाज राहिला तर गॅरेज. पण तिथेही पहिली मागणी हीच: ऑईलचा दाब गेज लावून मोजा. लाल दिव्याचा स्विच काढून त्या जागी गेज बसवतात, पंधरा-वीस मिनिटांचं काम. थंड, गरम, आयडल आणि दोन-तीन हजार आरपीएमवरचे आकडे लिहून घ्या आणि तुमच्या इंजिनाच्या पुस्तकातल्या आकड्यांशी ताडा. जुना ठोकताळा दर हजार आरपीएमला दहा पीएसआयचा (पीएसआय हे दाबाचं माप) आहे, पण पुस्तक हाताशी असेल तर तेच धरा. दाब कमी निघाला तर पंप, जाळी किंवा बेअरिंग तपासायची. अशा वेळी नवे टॅपेट घालून काही उपयोग नाही, त्यांनाही ऑईल पुरणार नाही. दाब ठीक असेल आणि एकाच जागी टिकटिक टिकून असेल, तेव्हाच टॅपेट बदलण्याचं बोलणं रास्त. काढलेले भाग परत मागा.

फट हाताने लावायची गाडी असेल तर

मारुती ८०० असो की सिटी, इथे इंजिन पूर्ण थंड हवं, म्हणजे रात्रभर उभं. पुस्तक गरम इंजिन सांगत असेल तरच वेगळं. टॅपेट कव्हर काढा, पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकावर (पिस्टन दाब देत सर्वांत वर पोचतो तिथे) आणा, म्हणजे त्याचे सगळे व्हॉल्व्ह मिटलेले असतात, आणि फिलर गेजची, म्हणजे फट मोजायच्या साधनाची, पात घालून फट बघा. आकडे प्रत्येक इंजिनाचे वेगळे. इनटेकची फट बऱ्याच इंजिनांत ०.२ मिलिमीटरच्या आगेमागे असते, झेरॉक्सच्या दोन कागदांच्या जाडीएवढी. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जास्त तापतो, म्हणून त्याची थोडी जास्त. पात ओढताना हलका अडसर जाणवायला हवा, मिटलेल्या वहीतून एक सुटा कागद ओढावा तसा. मोकळी सरकली तर ढिली, अडून वाकली तर घट्ट. स्क्रू धरून ठेवून नट आवळा आणि पुन्हा पात घालून बघा, कारण नट आवळताना स्क्रू हटकून थोडा फिरतो. चकती किंवा टॅपेट बदलून फट लावायच्या इंजिनात मोजमाप तुम्ही करा, बदलणं जाणकाराला द्या.

सीएनजीवर गाडी चालवणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं, आणि आपल्याकडे अशा गाड्या ढिगाने आहेत. सीएनजीवर व्हॉल्व्ह ज्या सीटवर बसतो ती सीट झिजण्याचा संभव जास्त. सीट झिजली की व्हॉल्व्ह वर सरकतो आणि फट वाढण्याऐवजी कमी होते. टिकटिक कमी होत जाते, गाडी छान शांत झाली असं वाटतं, आणि एक दिवस व्हॉल्व्ह पूर्ण मिटेनासा होतो. गळणाऱ्या तापल्या वायूने तो जळतो, एक सिलिंडर मरतो, गाडी सकाळी थरथरायला लागते. हाताने फट लावायच्या सीएनजी गाडीत आवाजाची वाट न बघता, पुस्तकातल्या किलोमीटरला टॅपेट तपासून घ्या. थोडीशी टिकटिक इथे चालेल, अगदी गप्प झालेलं इंजिन तपासायलाच हवं.

दुरुस्तीनंतर

काम झाल्या दिवशी आवाज गेला म्हणून हिशेब मिटवू नका, कारण त्या दिवशी इंजिन गरमच असतं. पुढच्या तीन सकाळी पायरी २ प्रमाणे रेकॉर्डिंग करा आणि वहीत तारीख, किलोमीटर, सेकंद लिहा. माझ्या वहीत फिल्टर बदलण्याआधीच्या ओळी ८, ९, ९ अशा आहेत, नंतरच्या ३, २, २. गावाला जाऊन आठवड्याने गाडी सुरू केली तर चार-पाच सेकंद लागतील, त्याची काळजी नको. रोजच्या वापरात मात्र आकडा पुन्हा चढायला लागला, तर पायरी १ पासून, काडी बघण्यापासून, परत सुरुवात करा.